पैसा नको, वेळ ठरवा

रमजानचा चाँद दिसला की सोलापुरात विजापूर वेशीच्या रस्त्याला संध्याकाळी वेगळीच रौनक येते. खजूर, टरबूज, समोसे, भजी यांच्या गाड्या लागतात. याच दिवसांत अनेक घरांत एक निश्चयही होतो, यंदा वजन कमी करायचे. ईदचे कपडे शिवायला टाकताना मात्र शिंप्याची टेप उलटेच सांगते. महिनाभर रोजे आणि तरी वजन वाढलेले, हा अनुभव माझाही आहे.

गेल्या वर्षी रमजानच्या आधी मी एका जिममध्ये तीन महिन्यांची फी एकदम भरली. पहिल्याच दिवसापासून शेजारच्या तरण्या पोरांची बरोबरी करायला गेलो. नऊ दिवसांत अंग असे धरले की जिना उतरवेना. दहाव्या दिवसापासून जाणे बंद. ही रडकथा मी आपाला, माझ्या थोरल्या बहिणीला सांगितली. आपा तीस वर्षे विड्या वळते. सकाळी मांडीवर सूप घेऊन बसली की हजाराचा आकडा भरेपर्यंत उठणे नाही. ती म्हणाली, "तुझे पैसे गेले, माझे तर गुडघे गेले. जमिनीवरून उठायला मला भिंत लागते. माझ्यासाठी फुकटातले काही आहे का?"

मला उत्तर देता आले नाही. मग डॉक्टरांना विचारले, तालमीतल्या जुन्या मंडळींना विचारले. सोलापूरच्या जुन्या पेठांत तालमींची नावे आजही घेतली जातात. 'तालीम' हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. मराठीने तो व्यायामाच्या जागेला दिला. जुनी मंडळी सांगतात, नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुस्तीला उतरवत नाहीत. आधी थोड्या बैठका, थोडे जोर, अंग रुळले की आकडा वाढवायचा. माझी चूक तिथेच झाली होती. मी शिकायला न जाता थेट परीक्षेला बसलो होतो.

यंत्रमागावर उभा राहणारा कामगार म्हणतो, "माझा व्यायाम रोजच होतो." विडी वळणारी बाईही थकून हेच म्हणते. पण थकवा म्हणजे व्यायाम नव्हे. तासन्‌तास एकाच स्थितीत उभे राहिल्याने वा बसल्याने ठरावीक सांधे झिजतात, बाकीचे अंग आखडते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की प्रौढ माणसाने आठवड्याला निदान 150 मिनिटे भरभर चालण्यासारखे श्रम करावेत आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. 150 मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. नवख्याने दहा मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते.

व्यायाम सुरू करताना पैशापेक्षा मोठी अडचण असते ती वेळ ठरवण्याची. रमजान हे काम आपोआप करतो. सहेरी, इफ्तार, तरावीह, सगळे घड्याळाला बांधलेले. या वेळांना व्यायामाची गाठ मारून टाकायची. इबादत ही इबादतच, तिला कसरत म्हणू नये. पण जो माणूस वीस रकात तरावीह उभ्याने पढतो, त्याने "मला जमणार नाही" असे म्हणण्यात अर्थ नाही.

आपासाठी आम्ही असा क्रम ठरवला. पहिला आठवडा फक्त चालणे, इफ्तारचे जेवण झाल्यावर दहा मिनिटे, बोलताना धाप लागणार नाही अशा गतीने. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही. बाहेर जाणे अवघड असेल त्या दिवशी गच्चीवर किंवा बोळात. दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड तीन प्रकार: पलंगाच्या कडेवर बसून हाताचा आधार न घेता आठ वेळा उठणे, भिंतीला तळवे टेकून आठ जोर, भिंत धरून टाचा उचलणे दहा वेळा. थोडे थांबून पुन्हा एकदा तेच. तिसऱ्या आठवड्यात चालणे पंधरा-वीस मिनिटांवर. दुपारच्या उन्हात, रोजाच्या तोंडी घाम गाळायचा नाही.

खाण्यालाही वेगळा खर्च नको. पावडरचा डबा न घेता घरातले धान्य बघा. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने, तेवढ्याच कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे 50, एका अंड्यात 6. सहेरीला ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दही असले की पोट बराच वेळ धरते. इफ्तारला खजूर, पाणी, फळ, उकडलेले हरभरे. भजी जुम्म्याला. सरबतात साखर निम्मी. पाणी इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडे थोडे, सहेरीला एकदम तांब्याभर नको. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही हदीस आपण ऐकतो. दस्तरखानावर ती आठवावी.

एक काळजी मात्र घ्यावी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल, तर रोजा आणि व्यायाम दोन्ही डॉक्टरांना विचारून. तिशीनंतर साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

पहिल्या आठवड्यात आपाने दोनदा दांडी मारली. घरातल्या बाईची इफ्तारनंतरची वेळ भांड्यांत जाते. तिसऱ्या दिवशी तिच्या मुलाने भांडी घासायला घेतली, तेव्हा चालणे सुरू झाले. सगळ्या हिशेबात लागलेली किंमत ही एवढीच. आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन नेमतींबद्दल बहुतेक माणसे गाफील असतात, अशी हदीस आहे. आपल्या घरातल्या बायकांना दुसरी नेमत आपण देतो का, हे या महिन्यात पुरुषांनी स्वतःला विचारावे.

आपाचे वजन ईदपर्यंत फारसे उतरले नाही. पण ईदच्या सकाळी शिरखुर्मा वाढून झाल्यावर ती दस्तरखानावरून उठली. भिंत हाताशीच होती. तिने भिंतीला हात लावला नाही.