फुफ्फुसाचा कॅन्सर : नाव, टप्पा आणि उपचार

आम्ही डॉक्टर खरे, पण तत्त्वज्ञानाचे. औषध लिहून देणारे नव्हे. तरी हा विषय घेतला, कारण इथे अनुमान चुकलं की माणसाचे महिने वाया जातात.

न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे : डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी. पण खूण दोन वेगळ्या गोष्टींची असू शकत असेल, तर तिच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचारी म्हणतात. एक्स-रेवरचा डाग हा तसाच हेतू. लांबलेला खोकला, थुंकीतून रक्त, घटणारं वजन ही लक्षणं क्षयाची आणि कॅन्सरचीही. आपल्याकडे क्षय इतका की आधी तोच मनात येतो. थुंकीत जंतू सापडलेले नसताना क्षयाच्या गोळ्या चालू आहेत आणि डाग हटत नाही, तर पुन्हा तपासायलाच हवं.

मग प्रत्यक्ष प्रमाण कोणतं? बायोप्सी. दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने सुईने तुकडा काढतात. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने घरोघरी उशीर होतो. त्या उशिराचा धोका सुईपेक्षा कितीतरी मोठा.

तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की प्रकार कळतो. शंभरातले साधारण ८५ रुग्ण 'नॉन-स्मॉल सेल' गटातले. त्यात अ‍ॅडेनोकार्सिनोमा बहुधा फुफ्फुसाच्या कडेला, तर स्क्वॅमस मधल्या मोठ्या श्वासनलिकांत. उरलेला 'स्मॉल सेल' फार वेगाने पसरतो आणि तंबाखूच्या धुराशी त्याचं नातं घट्ट. पण कधीच विडी-सिगारेट न ओढलेल्यांनाही अ‍ॅडेनोकार्सिनोमा होतो. म्हणून रुग्णावर आरोपपत्र ठेवू नये.

आता टप्पा, म्हणजे स्टेज. गाठ केवढी, लसिकाग्रंथींत गेली का, दूर पसरली का, हे तीन प्रश्न. ही टीएनएम पद्धत १९४०च्या दशकात पिएर दनुआ या फ्रेंच सर्जनने सुरू केली. पहिल्या टप्प्यात रोग फुफ्फुसातच. दुसऱ्यात सहसा जवळच्या ग्रंथींत. तिसऱ्यात बहुधा छातीच्या मध्यभागातल्या ग्रंथींत. चौथ्यात मेंदू, हाडं, यकृत अशा ठिकाणी. स्टेज म्हणजे रोगाचा पत्ता. ती उरलेल्या दिवसांची मोजणी नव्हे.

उपचार यावरूनच ठरतात. पहिल्या दोन टप्प्यांत शक्यतो शस्त्रक्रिया, ती झेपणार नसेल तर नेमका किरणोपचार. तिसऱ्यात बहुतेकदा केमो आणि किरणोपचार एकत्र. चौथ्यात औषधं : ईजीएफआरसारख्या जनुकात बदल सापडला तर त्यावरच्या गोळ्या, नाहीतर केमो, इम्युनोथेरपी. स्मॉल सेलमध्ये शस्त्रक्रिया क्वचितच. वेदनाशामक काळजी मात्र सुरुवातीपासून.

एक नोंद पाहा. १९३३ साली सेंट लुईसमध्ये इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी एका रुग्णाचं अख्खं डावं फुफ्फुस काढलं. तो रुग्ण पुढे जवळपास तीस वर्षं जगला. ग्रॅहॅम स्वतः धूम्रपान करणारे. ते १९५७ मध्ये याच रोगाने गेले, त्या रुग्णाच्या आधी.

तेव्हा मंडळी, डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : प्रकार कोणता, टप्पा कोणता, आणि उपचाराचा हेतू बरं करणं की ताब्यात ठेवणं? आणि हे रुग्णासमोर विचारा. 'त्यांना सांगू नका' म्हणताना आपण माया करतो असं वाटतं. पण शरीर त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच.