आधी हिरडी, मग शेक

विदर्भात खर्रा चौकाचौकात मुरलेला आहे: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटलेला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ अशी धुराविना तंबाखू खात असल्याचं आढळलं. त्यातल्या कुणाला पुढे तोंडाचा कर्करोग झाला की नागपूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. शस्त्रक्रिया होते, मग बऱ्याचदा सहा-सात आठवडे शेक, म्हणजे किरणोपचार. गाठ जाते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुढे दोन-तीन वर्षांनी खालची एक दाढ हलू लागते आणि तालुक्याच्या दवाखान्यात ती उपटली जाते. माझं म्हणणं या दाढेबद्दल आहे. तिच्या हिरडीचा इलाज शेकाच्या आधीच व्हायला हवा होता, आणि तो कर्करोगाच्या उपचाराचाच भाग मानायला हवा.

शेकात साधारण ६० ते ७० ग्रे इतकी मात्रा रोज थोडी थोडी करून दिली जाते. गाठीबरोबर जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही मरतात. रॉबर्ट मार्क्स या अमेरिकी शल्यविशारदाने १९८३ मध्ये अशा हाडाचं वर्णन केलं: रक्त कमी, पेशी कमी, प्राणवायू कमी. खालच्या जबड्याला मुळातच रक्त बेताचं, म्हणून तिथे धोका जास्त. दात काढल्यावर एरवी काही आठवड्यांत भरणारा खड्डा इथे महिनोन्‌महिने उघडा राहतो, पिवळट हाड दिसू लागतं, पू येतो. कधी जबडा मोडतो. त्यात लाळ आटलेली असते. भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही आणि दातांच्या मुळाशी कीटण साचत जातं. शेकाआधीच हिरडी दातापासून ६ मिलीमीटर किंवा अधिक सुटलेली असेल, तर हाड मरण्याची शक्यता वाढते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: कर्करोग दातांसाठी थांबणार का? थांबू नयेच. पण शेकाचा आराखडा आखायला, शेकताना डोकं स्थिर ठेवणारा मुखवटा बेतायला काही दिवस जातातच. वाचणार नाही असा दात त्याच काळात काढता येतो. जखमेला किमान दोन आठवडे मिळाले की बहुतेकदा पुरतं. दुसरं टोक म्हणजे सगळेच दात आधी काढून टाका. ते अनाठायी आहे. धड दात आणि धड हिरडी माणसाला खाऊ देतात, आणि कवळी कोरड्या तोंडात टोचते. तिसरा समज सर्वांत घातक: शेक झाल्यावर तोंडाला हातच लावू नका. कापणं-उपटणं टाळावं हे खरं, पण हलक्या हाताने कीटण काढणं टाळलं तर हिरडीची सूज हाडापर्यंत उतरते. मऊ ब्रश, डॉक्टरांनी दिलेलं जास्त फ्लोराइडचं जेल, तीन-चार महिन्यांनी साफसफाई, एवढ्यावर बरंच निभावतं. जास्त दाबाच्या प्राणवायूच्या खोलीत बसवलं की दात बिनधास्त काढता येतो, असंही सांगितलं जाई. ब्रिटनमधल्या २०१९ च्या चाचणीत मात्र तो उपचार घेतलेल्यांत ६.४ टक्के आणि न घेतलेल्यांत ५.७ टक्के जणांचं हाड मेलं. म्हणजे त्या महागड्या खोलीचा दात काढताना आधार नाही.

खर्रा खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचतच नाही, नंतर हत्यारही पोचत नाही. अशा माणसाला तर शेकाआधी दंतवैद्याकडे पाठवणं आणखी निकडीचं. ही सांगड घालायची जबाबदारी रुग्णालयाची. रुग्णाने ती मागावी अशी अपेक्षा करणं अन्याय्य आहे. तरीही एक गोष्ट घरच्यांच्या हातात आहे. शेकाची फाइल, जिच्यात कुठल्या बाजूला किती ग्रे दिले ते लिहिलेलं असतं, ती टाकून देऊ नका. पाच वर्षं झाली, दहा झाली, तरी दात काढायच्या खुर्चीत बसण्याआधी ती डॉक्टरांपुढे ठेवा.