भोपळ्याची वही आणि वरणभाताची वाटी

मैत्रिणींनो, दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या चिंचवडच्या कुठल्याही इमारतीचा जिना चढा. प्रत्येक मजल्यावर एकच गजर ऐकू येईल, “एवढाच घास हं, शहाणी ना तू!” पूर्वी चिऊ-काऊ मदतीला यायचे. आता वाटीशेजारी मोबाइल असतो.

मीही त्यातलीच. माझी धाकटी दीड वर्षाची होती. यांची दुसरी पाळी, दोनची कंपनीची बस गाठायची, मला दुपारचे वर्ग. सासूबाईंच्या हवाली करण्यापूर्वी तिचं पोट भरलेलं असलं म्हणजे मला हुश्श व्हायचं. एके दिवशी घाईत मी तिचे गाल दाबून घास कोंबला. तिला ठसका लागला, सगळं उलटून पडलं. दुसऱ्या दिवशी वाटी दिसताच तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले. मी वाटी खाली ठेवली आणि ओट्यापाशी जाऊन रडले.

मग जरा वाचलं, विचारलं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होणारच! शिवाय याच वयात मुलं नव्या पदार्थाकडे संशयाने बघू लागतात. तो हट्ट नसतो, भीती असते. आणि भीती जायला ओळख लागते.

इथेच चित्रांचं पुस्तक कामी येतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दोन वर्षांच्या मुलांना आईवडिलांनी दोन आठवडे रोज एकाच भाजीचं चित्रपुस्तक दाखवलं. नंतर ती भाजी चाखायला मुलं अधिक राजी झाली. पूर्वी कधी न पाहिलेल्या भाजीच्या बाबतीत हा गुण जास्त दिसला.

पण नुसत्या चित्रावर विसंबू नका बरं! अमेरिकेत लिॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की पाहण्याने पदार्थ डोळ्यांना आवडू लागतो. जिभेला आवडायचा तर तो चाखावाच लागतो. पुस्तक दार उघडतं, आत घास आपणच न्यायचा, तोही पुन्हापुन्हा. आठ-दहा वेळा नाकारलेली भाजी पुढच्या वेळी खाल्ली जाऊ शकते.

पुस्तक विकतच आणायला हवं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरातल्या पानं-शिंपल्यांतूनच शिक्षणाची साधनं उभी केली. आपल्याकडे तर नव्या वर्षाला कंपनीतून आलेली डायरी पडलेलीच असते. त्यात भोपळ्याची चार चित्रं चिकटवा: वेलावरचा, मंडईतल्या ढिगातला, चिरलेला बियांसकट, आणि ताटातलं भरीत. चित्रं जुन्या कॅलेंडरवरून, बियाण्यांच्या पाकिटावरून कापा. चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गोणी दिसल्या तर मोबाइलवर फोटो काढून छापून घ्या. मोबाइलचा एवढा उपयोग चांगला!

काही गोष्टी मात्र सांभाळा:

वही जेवणाआधी किंवा दुपारी मांडीवर घेऊन दाखवा. घासागणिक पान उलटलंत, तर वहीचाच मोबाइल होईल.

एका वेळी एकच भाजी, दोन आठवडे. चित्र पाहून झालं की खरा भोपळा हातात द्या. वास घेऊ द्या, बिया काढू द्या. (बिया तोंडात जात नाहीत ना, तेवढं बघा.)

ताटात आवडीच्या वरणभाताशेजारी भाजी चमचाभरच वाढा. खाल्ली तर वाहवा नको, टाकली तर रागावणं नको. “भोपळा खाल्लास तर चॉकलेट” हे तर मुळीच नको.

जेवणाच्या तोंडावर दूध-बिस्किट देऊ नका. भूकच मेली तर वही काय करणार?

वजन वाढत नसेल, मूल मलूल दिसत असेल किंवा घास गिळताना सारखा ठसका लागत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठा.

माझ्या लेकीने पहिला भोपळा थुंकला. दुसराही. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पुस्तक वाचून का कुणाचं पोट भरतं?” मी गप्प बसले. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच वहीतल्या भरितावर बोट ठेवलं, मग ताटातल्यावर, आणि ते बोट चाटलं. बस्स, तेवढंच. दोडका आजही खात नाही.

पण वाटी दिसली की ती तोंडावर हात धरत नाही. धावत जाऊन वही आणते आणि आजीच्या मांडीवर बसते. चष्मा लावून भोपळ्याचा वेल कोण दाखवतं, हे सांगायला हवं का?