ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं, म्हणजे जंतू मेले का? उत्तर बारावीच्या केमिस्ट्रीत आहे

पावसाळा सुरू झाला की गावोगावी एक काम ठरलेलं असतं. टाकीत टीसीएल पावडर टाकायची, थोड्या वेळाने नळाचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं आणि त्यात ओटीचे थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोहोचलंय, पाणी प्यायला हरकत नाही.

ही टेस्ट स्वस्त आहे, सोपी आहे आणि उपयोगाचीच आहे. पण तो पिवळा रंग एक गोष्ट सांगत नाही. दोन गावांचं पाणी अगदी सारखं पिवळं झालं, तरी एकीकडे क्लोरीन जोमात काम करत असेल आणि दुसरीकडे निम्म्याहून कमी. फरक पडतो तो पाण्याच्या पीएचमुळे. किती पडतो, हे बारावीच्या 'आयनिक इक्विलिब्रिया'तल्या गणिताने काढता येतं. तोच धडा, जो बहुतेकांनी परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिलेला असतो.

क्लोरीनची दोन रूपं

टीसीएल पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस ॲसिड तयार होतं. हे वीक ॲसिड आहे, म्हणजे त्याचे सगळे रेणू तुटत नाहीत. काही तुटून हायड्रोजन आयन आणि हायपोक्लोराइट आयन होतात, त्याच वेळी काही आयन पुन्हा जोडलेही जातात. तुटण्याचा आणि जोडण्याचा वेग सारखा झाला की समतोल साधला.

जंतू मारण्यात खरा दम आहे तो न तुटलेल्या ॲसिडमध्ये. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो. हायपोक्लोराइटवर ऋण भार असतो, बॅक्टेरियाच्या पृष्ठभागावरही साधारणपणे ऋण भारच असतो. त्यामुळे तो बाहेरच अडखळतो आणि कितीतरी पट कमी प्रभावी ठरतो. ओटीला मात्र दोघे सारखेच. ती दोघांचा मिळून एकच पिवळा रंग दाखवते.

मग कोण किती?

इथे समतोल स्थिरांक कामाला येतो. हायड्रोजन आयन आणि हायपोक्लोराइट यांच्या प्रमाणांचा गुणाकार करायचा, त्याला हायपोक्लोरस ॲसिडच्या प्रमाणाने भागायचं. २५ अंश सेल्सिअसला हे उत्तर साधारण '१० कोटीत ३' इतकं येतं (प्रमाणं लिटरमागे मोलमध्ये). पाण्यात क्लोरीन कमी टाका की जास्त, हा आकडा तोच राहतो.

परीक्षेत ॲसिड देऊन पीएच काढायला सांगतात आणि तिथेच वर्गसमीकरण मानगुटीवर बसतं. इथे मात्र पीएच आधीच ठरलेला असतो. पाण्यातले बायकार्बोनेट तो धरून ठेवतात, चिमूटभर क्लोरीनने तो फारसा हलत नाही. म्हणून उरतो फक्त एक भागाकार: स्थिरांकाला हायड्रोजन आयनच्या प्रमाणाने भागलं की हायपोक्लोराइट आणि ॲसिड यांचं गुणोत्तर मिळतं.

पीएच ७ म्हणजे हायड्रोजन आयन १ कोटीत १, म्हणजेच १० कोटीत १०. गुणोत्तर ३ ला १०. एकूण १३ भागांपैकी १० भाग ॲसिड, म्हणजे सुमारे ७७ टक्के.

पीएच ८ झाला की हायड्रोजन आयन १० कोटीत फक्त १. गुणोत्तर ३ ला १. आता ॲसिड उरलं २५ टक्के!

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ चालतो. याच पट्ट्यात हिशेब केला तर ६.५ ला ॲसिड ९० टक्क्यांच्या आसपास आणि ८.५ ला १० टक्क्यांच्याही खाली. दोन्ही पाणी नियमात बसणारं, दोन्हीकडे रंग पिवळाच. आणि बोअरच्या पाण्याचा पीएच ८ च्या पुढे असणं काही नवलाचं नाही.

मग ८ च्या वरचं पाणी धोक्याचं?

तसं नाही. हायपोक्लोराइट वाया जात नाही, तो राखीव साठा असतो. ॲसिड जंतूंवर खर्च झालं की समतोल ढळतो आणि हायपोक्लोराइटमधून नवं ॲसिड तयार होतं. फक्त कोणत्याही क्षणी कामावर असणारे हात कमी, त्यामुळे वेळ जास्त लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही म्हणूनच तीन अटी एकत्र येतात: लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन, किमान ३० मिनिटांचा वेळ आणि पीएच ८ पेक्षा कमी. पीएच त्याहून जास्त असेल तर टीसीएल टाकल्या टाकल्या नळ सोडणं चुकीचंच. पाणी आणखी थांबवायला हवं किंवा क्लोरीनचं प्रमाण तपासून वाढवायला हवं.

ॲसिड टाकून पीएच उतरवला तर? घरी हा प्रयोग अजिबात नको. हायपोक्लोरस ॲसिडचा आणखी एक समतोल असतो, क्लोरीन वायूसोबतचा. टीसीएल किंवा ब्लीचमध्ये ॲसिड ओतलं की तो वायूच्या बाजूला झुकतो आणि विषारी क्लोरीन बाहेर पडतो. बाथरूम घासताना ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र केल्यावर डोळे चुरचुरतात आणि श्वास कोंडतो, तो यामुळेच. असं झालं तर काही धुवत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या.