विंगेतल्या अंधारात काय घालाल?

कॉलेजची एकांकिका असो की इंदूर-बडोद्याच्या मराठी मंडळाचं गणेशोत्सवातलं नाटक, बॅकस्टेजची जबाबदारी तुमच्याकडे आली की कपड्यांचा विचार आधी करा. ब्लॅकआउटमध्ये काही सेकंदांत लेव्हल, खुर्च्या हलवायच्या असतात. अशा वेळी सैल चप्पल किंवा लोंबणारी ओढणी अपघाताला निमंत्रण देते.

काळा, पण चमक नसलेला
पूर्ण बाह्यांचा साधा काळा टी-शर्ट आणि काळी पँट उत्तम. उघडे हातही प्रकाशात उठून दिसतात. छापील अक्षरं, चमकदार बटणं टाळा. धुऊन विटलेला काळा रंग प्रकाशात करडा दिसतो, म्हणून एक जोड नाटकासाठीच राखून ठेवा.

सुतीच का?
१००० वॅटचे हॅलोजन दिवे प्रचंड तापतात. पॉलिस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटू शकतं. सुती कापड तसं वितळत नाही, घाम शोषतं आणि चालताना फारसं सळसळतही नाही.

पायांत काय?
बंद, रबरी तळव्याचे बूट घाला. सेट लावताना खिळे, स्क्रू जमिनीवर पडलेले असतात, त्यामुळे तळवा जाड हवा. लेस आत खोचा. टाचांचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचतो.

खिसे आणि दागिने
टॉर्च, चिकटपट्टी, पेन यांसाठी चेनचे खिसे सोयीचे. शिडीवर चढण्यापूर्वी मात्र खिसे रिकामे करा, पाना दोरीने मनगटाला किंवा पट्ट्याला बांधा. वरून पडलेला छोटा पानाही खाली उभ्या असलेल्याचं डोकं फोडू शकतो. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या, केस घट्ट बांधा. दोर ओढताना मापाचे चामडी हातमोजे वापरा. तापलेला दिवा मात्र थंड झाल्याशिवाय हाताळू नका.

घरीच चाचणी घ्या
सगळं घालून उकिडवे बसा, वाका, हात वर करा. मग घरातल्या कुणालातरी पाठमोरं उभं करून मागून चालत जा. त्यांना चाहूल लागली नाही, तर तुमचा पोशाख विंगेसाठी तयार आहे.