वार काय सांगते?

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे निश्चित व्हायला मात्र १९५६ साल उजाडावे लागले. या ज्ञानाने आपल्या घरांतला एक जुना आरोप खोटा ठरवला आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. समजले तसे सोप्या शब्दांत सांगते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, की चर्चा सुरू होते. जिने चढली असेल, पपई खाल्ली असेल, ग्रहण पाळले नसेल! सदाशिव पेठेतला वाडा असो वा कोथरूडमधला फ्लॅट, बोट सुनेकडेच. वास्तविक पहिल्या बारा आठवड्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा बिघाड आढळतो. बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि २३ ऐवजी २४ येतात. सोळाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती झाल्या, तर तो गर्भ वाढूच शकत नाही. कधी एकाच बीजांडात दोन शुक्रजंतू शिरतात आणि संख्या ६९ होते. यात जिन्याचा काय दोष?

हे कळते वारेच्या तुकड्यावरून. वारेचे मुळांसारखे बारीक अंकुर गर्भाबरोबर एकाच फलित बीजापासून बनतात. म्हणून त्यांतील गुणसूत्रे सहसा गर्भाचीच. तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवतात. फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली आईच्या गर्भाशयाचे अस्तर काळजीपूर्वक वेगळे करावे लागते. ते राहिले तर आईच्याच पेशी वाढतात आणि अहवाल 'सर्व ठीक' असा फसवा येतो. मग पेशी वाढवून गुणसूत्रे मोजतात. मायक्रोअ‍ॅरे या नव्या पद्धतीला जिवंत पेशीही लागत नाहीत.

एकदाच गर्भपात झाला, तर ही तपासणी सहसा सांगत नाहीत. पुन्हापुन्हा झाला, तर तिचे मोल मोठे. गुणसूत्रे ठीक निघाली, तर थायरॉइड, रक्ताच्या गुठळ्या, गर्भाशयाचा आकार अशी इतर कारणे शोधता येतात. एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला दिसला, तर पती-पत्नी दोघांचेही रक्त तपासतात; आणि तो दोष पतीकडूनही आलेला असू शकतो. त्याला स्वतःला कसलाही त्रास नसतो, म्हणून तोवर कोणाला शंकाही येत नाही.

गेलेले मूल या तपासणीने परत येत नाही. पण त्या बाईच्या डोक्यावरचा दोष उतरतो, हे काय थोडे झाले?