त्रिवडीची चित्रं

तंजावरच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारु आहे. गाणारी माणसं तिथे त्यागराजांच्या समाधीसाठी जातात; मराठी माणूस तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांचा कल्याणमहालही शोधतो. मात्र गावाची जुनी छायाचित्रं पाहायची, तर नाव ‘त्रिवडी’ असं घ्यावं लागतं. इंग्रजांच्या दप्तरात ते तसंच पडलं.

मद्रास सरकारचा छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप याचा तंजावर-त्रिवडीचा संच १८५८चा. तंजावरचे दुसरे शिवाजीराजे १८५५मध्ये वारले, मुलगा नाही म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केलं, त्यानंतर तीनच वर्षांनी हा कॅमेरा आला. काम साधं सरकारी: देवळं, वाडे, शिलालेख यांची नोंद. मेण मुरवलेल्या कागदावर चांदीचं द्रावण चढवून तो निगेटिव्ह करी. निगेटिव्ह जेवढी, तेवढंच चित्र उठे. आभाळ कोरं यायचं, म्हणून तो कुंचला घेऊन निगेटिव्हवर ढग रंगवी. तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या जोत्यावरचे तमिळ लेख त्याने २१ कागद जोडून सुमारे १९ फुटी पट्टीत उतरवले. याच देवळात १८०३चा भोसले घराण्याचा मराठी लेखही आहे. १८६०मध्ये मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने छायाचित्रांचा हा खर्च चैनीचा ठरवून खातंच बंद केलं.

नोंदवहीतला हा कागद कलादालनाच्या भिंतीवर कुणी चढवला? उत्तर शोधत गेलं की वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या सारा ग्रीनो भेटतात. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झची छायाचित्रं त्याच्या पत्नीने, चित्रकार जॉर्जिया ओ’कीफने, या संस्थेला दिली होती. ग्रीनोंची सुरुवात या छायाचित्रांच्या अभ्यासातून झाली. १९९०मध्ये छायाचित्रांचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याच्या त्या प्रमुख झाल्या. स्टिगलिट्झच्या १,६४२ चित्रांची दोन खंडांची सूची २००२मध्ये निघाली. एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवून छटेतला फरक टिपायचा, हे ते काम.

तीच नजर २०१४मध्ये ट्राइपवर वळली. ग्रीनो, छायाचित्रणाचे जाणकार रॉजर टेलर व माल्कम डॅनियल आणि दक्षिणेतल्या देवळांचे अभ्यासक क्रिस्पिन ब्रॅनफुट अशा मंडळींनी मांडलेलं त्याचं प्रदर्शन वॉशिंग्टन, न्यूयॉर्क आणि लंडन असं फिरलं. रंगवलेले ढग आता लबाडी राहिले नाहीत. चित्रकाराचा हात म्हणून ते वाचले गेले. वस्तू तीच, पाहणं बदललं. संग्रहपालाची खरी कमाई इथे असते.

असे कागद उजेडाने फिके पडतात. म्हणून दालनात दिवे मंद, आणि काही महिन्यांनी चित्रं पुन्हा पेटीत, अंधारात. पेटीवरच्या चिठ्ठीत ‘त्रिवडी’ राहू द्यावं, तो ट्राइपचा शब्द आहे. शेजारी ‘तिरुवैयारु’ मात्र हवंच. नाहीतर त्या गावच्या मुलीला आपलाच घाट सापडायचा नाही.